संत्र्याच्या सालीतून आयपीएकडे

अमेरिकी आयपीएचं (इंडिया पेल एल या बिअरचं) नाव निघालं की 'फार कडू असते' एवढ्यावर बहुतेकांचं बोलणं आटोपतं. मला ती अर्धीच गोष्ट वाटते. ही बिअर आधी नाकाची आहे, मग जिभेची. आणि नाकाची जी तयारी तिला लागते, ती काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर या संत्र्याच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाची न शिकवता झालेली असते.

मी कळमेश्वरचा. घरची संत्र्याची बाग, नोकरी पुण्यात, मधली काही वर्षं अमेरिकेत, ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडजवळच्या हिल्सबरो गावी. बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या हॉप्सचे मळे तिकडे पाहिले. पुण्यात २००९ साली डूलॅली ही ब्रुअरी सुरू झाली, पुढे इंडिपेन्डन्स, ग्रेट स्टेट अशी नावं आली, आणि ताजी, वासाची बिअर मराठी माणसाच्या हाताशी आली. तरी आयपीएसोबत काय खावं हे मला समजलं ते आमच्या बागेत, हिवाळ्यातल्या संध्याकाळी. आत्याच्या हातची वडी, चुलतभावाची शेकोटी आणि चार जाणकार जिभा सोबत होत्या. तिथे जे उमजलं ते क्रमाने मांडतो. क्रम महत्त्वाचा म्हणून नव्हे, बोलायला सोपा म्हणून.

१. ग्लासाआधी संत्रं सोलावं

पाहुण्याला आयपीए देण्याआधी मी त्याच्या हातात संत्रं देतो. खायला नाही, सोलायला. साल मोडताना जो बारीक फवारा उडतो तो नाकाशी येऊ द्यायचा. लहानपणी आम्ही सगळ्यांनी हाच फवारा दिव्याच्या ज्योतीवर मारून तडतडवला आहे. त्या फवाऱ्यातल्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. हॉप्सच्या तेलात लिमोनीन थोडंच असतं. तिथे मुख्य असतं मिरसीन, आणि जोडीला लिनालूल, जिरॅनिऑल अशी सुगंधी द्रव्यं. एकत्र आली की नाकाला ती लिंबूवर्गी सालीचीच आठवण देतात. सालीचा वास ताजा असताना ग्लास नाकाशी नेला, की पाहुणा आपणहून म्हणतो, हे तर ओळखीचं आहे.

हा वास बिअरमध्ये पूर्वीपासून नव्हता. युरोपातल्या हॉप्सचा वास गवती, फुलांसारखा, थोडा मसालेदार. अमेरिकेत कॅस्केड नावाचं वाण १९७२ साली बाहेर आलं. ते ओरेगॉनमध्ये, अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधनातून तयार झालं होतं, आणि त्याचा वास सरळ ग्रेपफ्रूटच्या सालीचा होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ साली लिबर्टी एलमध्ये ते वापरलं. १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरी बिअर गाळण्याला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली. १९८० साली कॅलिफोर्नियातल्या चिको गावी सिएरा नेवाडाने आपली पेल एल काढली, तिच्यातही कॅस्केडच होतं. आज आपण जिला अमेरिकी आयपीए म्हणतो ती या वाटेने आली. पुढे सिम्को, सिट्रा, मोझॅक ही वाणं आली आणि वास पेरू, आंबा, पॅशनफ्रूटकडे सरकला. पिकल्या पेरूचा जो किंचित उग्र वास खोलीभर पसरतो, त्याच्या मुळाशी गंधकाची काही संयुगं असतात. त्यातली काही सिट्रासारख्या हॉप्समध्येही आहेत. म्हणून संत्र्यासोबत मी एक पिकलेला पेरूही कापून ठेवतो.

नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मला त्याचा अभिमान आहे. पण आपल्या संत्र्याची अर्धी श्रीमंती सालीत आहे आणि ती आपण उकिरड्यावर टाकतो, याची हळहळही तेवढीच आहे.

२. कडवटपणा आणि सुगंध एकाच फुलातून येतात, पण वेगळ्या वेळी

हॉप्स ही भांगेच्या कुळातली वेल. ओरेगॉनच्या विलामेट खोऱ्यात आणि उत्तरेला वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात ती सुमारे १८ फूट उंचीच्या तारांवर चढवतात. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा तोडणीचा हंगाम. फूल तळहातावर चोळलं की पिवळी चिकट धूळ सुटते. सगळी करामत त्या धुळीत असते. आमच्याकडे ही वेल लावता येईल का, असं चुलतभावाने मोठ्या आशेने विचारलं होतं. येणार नाही, कारण तिला उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतात. जून महिन्यात याकिमात दिवस १५ तासांहून मोठा असतो, कळमेश्वरला तो साडेतेरा तासांच्या आतच आटोपतो. भारतात हॉप्स होतात ते पार वर, हिमाचलातल्या लाहौलमध्ये.

सातूला मोड आणून, वाळवून (हाच माल्ट) त्याचा गोड काढा करतात. त्या काढ्याला उकळी असताना हॉप्स घातले आणि तासभर उकळले की कडवटपणा उतरतो, पण वास वाफेबरोबर निघून जातो. शेवटच्या पाच-दहा मिनिटांत घातले तर वास टिकतो. आणि आंबवण झाल्यावर, थंड बिअरमध्ये, कोरडेच घातले तर कडवटपणा फारसा न वाढता वास भरपूर येतो. आपल्या स्वयंपाकातलं उदाहरण द्यायचं तर वरणाची फोडणी वेगळी आणि उतरवल्यावर भुरभुरवलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, वेगळा. अमेरिकी आयपीए घडवणारे दोन्ही हातांनी सढळ असतात.

कडवटपणा मोजायचं एक एकक आहे, आयबीयू. साध्या लागर बिअरमध्ये ते साधारण १० ते २० असतं, अमेरिकी आयपीएमध्ये ४० ते ७०. मद्यार्क साडेपाच ते साडेसात टक्के. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नये. माल्टचा गोडवा भरपूर असेल तर ६०सुद्धा सौम्य लागतो, आणि अंग हलकं असेल तर ४०ही टोचतो.

३. शिळी आयपीए म्हणजे आयपीए नव्हे

जुन्या इंग्रजी आयपीएची गोष्ट उलटी होती. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीची बिअर पिंपांतून मुंबई, मद्रास, कलकत्त्याला येई. पुढे १८२०च्या दशकात बर्टन-ऑन-ट्रेंट गावचे ऑलसोप त्या व्यापारात उतरले. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजात ही बिअर महिनोन्‌महिने हिंदकळत मुरे आणि त्या मुरण्याचंच कौतुक होई. ती चढायची गोऱ्या साहेबांच्या आणि व्यापाऱ्यांच्या टेबलावर. छावणीतल्या साध्या गोऱ्या शिपायाच्या वाट्याला बहुधा काळी पोर्टर येई.

अमेरिकी आयपीएला हे मुरणं मानवत नाही. वासाची द्रव्यं हवेने आणि उष्णतेने झपाट्याने उडतात, बिघडतात. दोन-तीन महिन्यांत फळांचा वास बसतो आणि मागे उरतो जाड गोडवा, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आणि नुसता कडवटपणा. 'आयपीए आवडत नाही' म्हणणाऱ्या पुष्कळांच्या वाट्याला अशीच आलेली असते. म्हणून डबा किंवा बाटली हातात आली की आधी भरल्याची तारीख वाचावी. दुकानदाराला ती फ्रिजमध्ये होती की बाहेर खोक्यात, हे विचारायला संकोचू नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत गोदामात आठवडाभर पडलेल्या आयपीएला मी हात लावत नाही, कितीही स्वस्त असो.

उजेडही तितकाच वाईट. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर ऊन पडलं की एक उग्र, कुबट वास तयार होतो. तपकिरी काच बऱ्यापैकी बचाव करते, हिरवी किंवा पांढरी करत नाही, आणि ॲल्युमिनियमचा डबा सगळ्यात उत्तम. बागेत दुपारी उन्हात बाटल्या मांडून ठेवणाऱ्या पाहुण्यांना मी हात जोडून त्या सावलीत हलवायला लावतो.

४. बर्फासारखी थंड नको

फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबावं. ७ ते १० अंशांना वास खुलतो. त्याहून थंड असेल तर जीभ बधिर होते आणि नुसता कडवटपणा कळतो. ग्लास काचेचा, वर किंचित निमुळता. तो राखेने किंवा साध्या सोड्याने धुऊन भरपूर पाण्याने खंगाळावा. तेलाचा हात लागला असेल तर फेस टिकत नाही आणि फेसाबरोबर वासही जातो.

५. पहिल्या घोटावर निकाल देऊ नये

चुलतभावाने पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे तं कारल्याचं पाणी हाय बे, काहून पेतेत लोक याले?" मी त्याला एवढंच म्हटलं की मुरमुऱ्याचा एक घास खा, पाणी पी, आणि परत घे. तिसऱ्या घोटाला तो गप्प झाला. मग म्हणाला, "मंडीतून आल्यावर हाताले जसा वास येते ना, तसा येऊन रायला." मंडीत दिवसभर संत्र्याची प्रतवारी केली, खराब फळं बाजूला काढली, की हाताला सालीच्या तेलाचा जो वास राहतो, तो म्हणत होता. त्याच्याइतकं नेमकं वर्णन मी पुण्याच्या कुठल्या जाणकाराकडूनही ऐकलेलं नाही.

कारण असं की कडवटपणा जिभेवर उशिरा चढतो आणि उशिरा उतरतो. पहिल्या घोटाला त्याचा धक्काच तेवढा जाणवतो. पुढच्या घोटांना जीभ सरावते आणि मागचं दिसू लागतं: माल्टचा भाजक्या पोळीसारखा गोडवा, साल, राळ, चिडाच्या लाकडाचा वास. आणि बिअर वाइनसारखी चाखून थुंकायची नसते, गिळायची असते. गिळल्यावर श्वास नाकाने सोडला की घशातून वर जाणारा वास कळतो, आणि आयपीएतलं निम्मं सुख त्या एका श्वासात आहे. एकाहून जास्त प्रकार चाखायचे असतील तर हलक्यापासून जडाकडे जावं. दुहेरी आयपीए, म्हणजे साडेसात-आठ टक्क्यांच्या वरची, आधी घेतली की नंतरची कुठलीही बिअर पाणचट लागते.

६. सावजी मटणासोबत आयपीए नको

इथे माझं पुष्कळांशी जमत नाही. अनेक अमेरिकी पुस्तकांतून आणि जेवणाच्या यादीतून आयपीए म्हणजे तिखट जेवणाची जोडीदार असं सांगितलेलं असतं. त्यांचं तिखट म्हणजे मेक्सिकन किंवा थाई जेवण, तेही तिकडच्या बेताचं. नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाच्या घरांतून आलेलं सावजी जेवण ही वेगळी ताकद आहे. जवसाचं तेल, लाल मिरची, काळी मिरी, लवंग, दगडफूल, भाजलेलं सुकं खोबरं, खसखस. त्यावर दोन बोटं तर्री.

मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या चेतातंतूंना डिवचतं, त्या तंतूंना मद्यार्कही चाळवतो. बिअरमधला वायू वरून आणखी टोचतो. साडेसहा टक्क्यांच्या आयपीएने तिखट धुऊन निघत नाही. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही आणि इतक्या थोड्या मद्यार्कातही फारसं विरघळत नाही. ते धुऊन निघायला स्निग्ध पदार्थ आणि दुधातलं केसिन लागतं, म्हणून दही-ताक कामाला येतं. त्यात कडवटपणाची भर पडली की आगीची धार आणखी वाढते. घाम फुटणं आवडतं अशी माणसं माझ्या ओळखीत आहेत, आणि त्यांना ही झोंबाझोंबी आवडते. पण मला वाईट वाटतं ते दोन्हीकडच्या नुकसानीचं. इतक्या मेहनतीने टिकवलेला हॉप्सचा वास त्या जाळात कुणालाच कळत नाही. आणि सावजीतला दगडफुलाचा गडद वास, भाजलेल्या खोबऱ्याचा खमंगपणा, जवसाच्या तेलाची किंचित तुरट छटा, हेही कडवटपणाखाली दबतं. सावजी मसाला करणाऱ्या हातांना यापेक्षा जास्त मान मिळायला हवा.

सावजी खायचंच असेल तर ज्वारीची भाकर, कांदा, लिंबू आणि शेवटी ताक. बिअर हवीच असेल तर गव्हाची घ्यावी. तिचा कडवटपणा ८ ते १५च्या आसपास, अंग मऊ, लवंग-केळ्याचा हलका वास. सावजीतल्या लवंगेशी तिचं चांगलं जुळतं. भिवापुरी मिरचीच्या ठेच्यालाही हाच नियम. पाटोडी मात्र रश्शात पडण्याआधी, नुसती, आयपीएसोबत सुरेख लागते. तर्री पोहे ही सकाळची गोष्ट आहे, ती सकाळीच राहू द्यावी.

७. सांबारवडीसोबत आयपीए जरूर घ्यावी

माझ्या मते आयपीएसाठी अख्ख्या विदर्भात यासारखा पदार्थ नाही. पुडाची वडी म्हणा की सांबारवडी: निवडून, धुऊन, सुकवलेला भरपूर सांबार, त्यात सुकं खोबरं, खसखस, तीळ, आलं-लसूण, बेताचं तिखट, आत चिंच-गुळाचा हात फिरवलेल्या पातळ पारीत ते सारण गुंडाळून फल्लीच्या (शेंगदाण्याच्या) तेलात तळायचं. आत्या अजून मंद आचेवर तळते. त्यामुळे पारी खुसखुशीत राहते आणि आतला सांबार हिरवा.

जमतं कसं ते पाहा. तळणाचा थर जिभेवर बसतो. वायू आणि कडवटपणा तो मोडून काढतात, म्हणून दुसरी वडी पहिल्यासारखीच लागते. उलट, वडीतलं तेल आणि मीठ कडवटपणा मऊ करतात. मीठ कडू दाबतं हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तीळ-खसखशीचा खमंगपणा माल्टच्या भाजकेपणाला जाऊन मिळतो. चिंचेची आंबट चुणूक सालीच्या वासाला उठाव देते. आणि हिरवा सांबार तर हॉप्सच्या हिरवेपणाचा सख्खाच.

आत्या बिअर पीत नाही, पण वास घेऊन पाहायला ती कधी नाही म्हणत नाही. तिने ग्लास नाकाशी नेला, थोडं थांबली आणि म्हणाली, "काय रे, यात धने टाकतेत का?" धने कुणीच टाकले नव्हते. पण धन्याच्या तेलातला मुख्य घटक लिनालूल आहे, आणि हॉप्समध्येही तोच असतो हे वर आलंच आहे. आत्याच्या नाकाने तो एका श्वासात पकडला. पुढच्या खेपेला तिने आपणहून सारणात भाजून जाडसर कुटलेले धने वाढवले आणि वडी व ग्लास यांच्यातलं राहिलेलं अंतरही मिटलं. ही खूण मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो: आयपीएसोबतच्या कुठल्याही पदार्थात धने थोडे वाढवा, मिरची थोडी कमी करा.

याच कारणांनी वडाभात चालतो, पण फोडणीच्या तेलात मिरच्या मोजक्या असाव्यात. तर्रीशिवायचा आलुबोंडा चालतो. तळलेले झिंगे उत्तम. मीठ लावून भाजलेले फल्लीदाणे तर कधीही. चखणा म्हणून मसालेदार डाळ आणि चिली-फ्लेव्हरचे चिप्स ठेवण्याची जी रूढी झाली आहे, ती मला पटत नाही.

८. कडूसोबत कडू जमतं, पण गुळाच्या साक्षीने

भरलं कारलं आणि आयपीए हे ऐकून लोक हसतात. एकदा करून पाहावं. कारल्याला मीठ लावून पिळून घ्यायचं, आत दाण्याचा कूट, तीळ, खोबरं, धने-जिरे आणि गूळ भरायचा, आणि तेलावर अगदी तांबूस होईतो परतायचं. दोन्हींचे कडूपणे वेगळ्या जातीचे. कारल्याचा पुढे येणारा, हिरवा. बिअरचा मागे रेंगाळणारा, राळेचा. एकमेकांसमोर आले की दोन्ही आपापली धार सोडतात आणि मागून गूळ नि माल्ट वर येतात. गूळ विसरलात तर मात्र हा घास कुणाला खाववणार नाही. मेथीच्या पानांची भजी हा याहून सोपा आणि भरवशाचा प्रकार. जे कारल्याला नाक मुरडतात त्यांच्यासाठी मी तोच करतो.

गुढीपाडव्याला कडुनिंबाचा पाला गूळ-ओव्यासह चावून खाणाऱ्या माणसांना कडू चव ही शिक्षा वाटायचं कारण नाही. आपल्या जेवणात तिला जुनी, हक्काची जागा आहे. अमेरिकी माणसाला ती आयपीएमुळे नव्याने सापडली.

९. हुरडा, भरीत आणि धूर

डिसेंबर-जानेवारीत ज्वारीचा हुरडा आला की बागेतली खरी संध्याकाळ सुरू होते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजायची, गरम असताना हातावर चोळून दाणे पाखडायचे. हुरड्याचा दुधाळ गोडवा आणि धुराचा वास यांना आयपीएचा कडवट शेवट फार छान सावरतो. सोबत लसणाची चटणी ठेवतात. मी ती बाजूला सारतो आणि जवसाची चटणी, दाण्याची चटणी, गूळ पुढे करतो. जवस भाजला की जो तेलकट खमंगपणा येतो, त्याच्याशी अंबर रंगाच्या, थोड्या जास्त माल्टच्या आयपीएचं जमतं.

भरताची वांगी आमच्याकडे पऱ्हाटीच्या जाळावर भाजतात. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा तो जाळ झटकन पेटतो, वांग्याची साल करपते आणि गर धुराने भरून जातो. त्यात कच्चं तेल, कांद्याची पात, सांबार, मीठ, आणि हिरवी मिरची चवीपुरती. सोबत रोडगे, भरपूर तूप घातलेले. तूप हे आयपीएच्या कडवटपणावरचं सगळ्यात सौम्य औषध आहे, हे मला ओरेगॉनच्या कुठल्याही जेवणात कळलं नसतं. तिकडे हे काम चेडर चीज आणि बर्गरमधली चरबी करते. चीज आपल्या भागात अजून घरचं झालेलं नाही, तेव्हा त्यावर जास्त लिहीत नाही.

आंबिया बहाराची संत्री याच सुमारास संपत आलेली असतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चकडे तयार होतात. मृगाच्या फळाची गोडी जास्त, पण सालीच्या वासाच्या कामाला मला आंबियाचं किंचित हिरवट फळ बरं वाटतं.

१०. शेवटी संत्रा बर्फी

अमेरिकेत दुहेरी आयपीएसोबत गाजराचा केक देतात. आपल्याकडे नागपूरची संत्रा बर्फी आहेच. लहान तुकडा, आणि बिअर जड, गोडसर असावी. हलक्या आयपीएसमोर बर्फी भारी पडते आणि बिअर आंबट-कडू लागते. गाजराचा हलवाही चालेल, वेलची कमी घालावी.

११. वय, परवाना आणि वर्ध्याची वाट

महाराष्ट्रात बिअरसाठी २१ वर्षं पूर्ण हवीत, आणि परवाना लागतो. तो खिशात असावा. पुण्याहून समृद्धी महामार्गाने नागपूरला येताना वर्धा जिल्हा ओलांडावा लागतो आणि तिथे १९७४पासून दारूबंदी आहे. म्हणून पुण्याहून मी गाडीत काही आणत नाही; नागपुरात मिळेल ते तारीख पाहून घेतो, नाही मिळालं तर बेत पुढे ढकलतो. आयपीए साध्या बिअरपेक्षा दीडपट कडक असू शकते, हे पाहुण्यांना पहिल्या ग्लासाआधीच सांगावं. ज्याला गाडी चालवायची आहे त्याने वास घ्यावा, वडी खावी, आणि पुढे सांगतो तो ग्लास घ्यावा.

१२. न पिणाऱ्यांसाठीही तोच वास

आत्या, वहिनी, गाडी चालवणारा भाऊ, घरातली पोरं, हे सगळे त्याच पंगतीत बसलेले असतात. त्यांच्यापुढे बाटलीतलं गोड शीतपेय ठेवणं मला अपुरं वाटत होतं. म्हणून एक पेय बसवलं. संत्र्याच्या सालीचा नुसता केशरी भाग, आतला पांढरा अजिबात नको. चमचाभर जाडसर कुटलेले धने. गवती चहाची दोन पानं. हे कोमट पाण्यात झाकून ठेवायचं आणि गार करून गाळायचं. वेगळ्या वाटीत चिमूटभर मेथीदाणे पाण्यात भिजवायचे आणि त्या पाण्याचे थेंब चव बघत बघत मिसळायचे, कारण कडू शेवटाशिवाय सांबारवडीशी याचं जमत नाही. मग थोडं संत्र्याचं ताजं रसपाणी, कणभर मीठ आणि वरून थंड सोडा. मेथीदाणे मात्र अर्ध्या तासात गाळून काढावेत. जास्त भिजले तर ग्लासात मेथीशिवाय दुसरं काही लागत नाही.